वीरगळ पंचाहत्तर फुटांचा, नोकरी चार वर्षांची

बेंगळुरू शहराच्या मध्यभागी, जवाहरलाल नेहरू तारांगणासमोरील इंदिरा गांधी संगीत कारंजे उद्यानात, राष्ट्रीय सैनिक स्मारक उभे आहे. १९४७ नंतर देशासाठी प्राण दिलेल्या एकवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे येथे ग्रॅनाइटच्या शिळांवर कोरलेली आहेत. स्मारकाचे सर्वांत ठळक अंग म्हणजे सुमारे पंचाहत्तर फूट उंचीचा एकसंध पाषाण. तो देवनहळ्ळी परिसरातील कोइरा येथून आणला गेला. त्याला नाव दिले गेले आहे ‘वीरगल्लु’. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. कन्नडमधील ‘कल्लु’ म्हणजे दगड. तोच शब्द दख्खनच्या मातीत फिरून मराठीत ‘वीरगळ’ झाला.

सौमित्र घोष आणि निशा मॅथ्यू घोष या वास्तुरचनाकारांची ही रचना पाहणाऱ्याला प्रथमदर्शनीच थांबवते. युद्धस्मारक म्हटले की तोफा, रणगाडे, घोड्यावर बसलेला सेनापती आणि विजयाची कमान असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे रचनेचा भर त्यावर नाही. उद्यानातील झाडे राखून, त्यांच्या मधून वाट काढली आहे. काँक्रीटच्या साध्या भिंती आहेत. संग्रहालयाचे दालन जमिनीवर न उभारता जमिनीखाली नेले आहे, आणि वरची जागा झाडांना व माणसांना मोकळी ठेवली आहे. रचनाकारांनी राज्यसत्तेचा दिमाख मिरवण्याऐवजी नागरिकाला मृतांच्या नावांपर्यंत शांतपणे नेण्याचे ठरवलेले दिसते. हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. कलाकृती चांगली असेल तर ती चांगली म्हणण्यात कोणत्याही पुरोगामी माणसाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंतु स्मारक हे नुसते स्थापत्य नसते. मेलेल्यांविषयी जिवंतांनी, आणि मुख्यतः राज्यकर्त्यांनी, दिलेले ते एक वचन असते. त्यामुळे प्रश्न केवळ दगड किती उंच आहे, एवढाच नाही. दगडावर नाव कोरणारे राज्य त्या नावामागच्या घराशी कसे वागते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुस्तकांत जाण्याची गरज नाही. ज्या ‘वीरगल्लु’ची परंपरा हे स्मारक सांगते, त्या परंपरेलाच विचारून पाहता येईल.

जुना वीरगळ काय सांगतो

बेंगळुरूच्या दक्षिणेस बेगूर नावाचे गाव आहे. आता ते शहरातच सामावले गेले आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात नवव्या शतकाच्या अखेरचा एक शिलालेख आहे. ‘बेंगळुरूच्या लढाई’त नागत्तराचा घरचा सेवक बुट्टणशेट्टी मारला गेला, असे तो सांगतो. या शहराचे नाव ज्या सर्वांत जुन्या लेखात आढळते, तो लेख असा एका राजाचा नसून एका सेवकाच्या मृत्यूचा आहे.

बेगूरचाच दुसरा एक प्रसिद्ध वीरगळ बेंगळुरूच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यावर लढाईचे दृश्य कोरलेले आहे. सोबतच्या लेखात नागत्तर हत्तींशी झुंजत मारला गेल्याची नोंद आहे. पण लेख तेथे थांबत नाही. नागत्तराच्या मृत्यूनंतर बेम्पूर आणि भोवतालची गावे ‘कल्नाडू’ म्हणून इरुगाला दिल्याचे त्याच दगडावर लिहिले आहे. याच संग्रहात आतकूरचा शिलालेखही आहे, सन ९४९-५० मधला. तो तर एका कुत्र्याचा आहे. मणलेर नावाच्या योद्ध्याचा काळी नावाचा शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला. त्याच्यासाठी दगड उभारला गेला, आणि त्या दगडाच्या पूजेअर्चेसाठी जमीन लावून दिली गेली.

युद्धात पडलेल्याच्या वारसांना दिलेल्या जमिनीला कर्नाटकात ‘नेत्तरु-कोडगी’ म्हणत. नेत्तरु म्हणजे रक्त. रक्ताच्या मोबदल्यात दिलेली जमीन, असा त्याचा सरळ अर्थ. महाराष्ट्रातही चाकरीत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी नेमणूक होत असे. तिला ‘बालपरवेशी’ असा शब्द मराठी दप्तरात आहे.

याचा अर्थ असा नव्हे की सरंजामी युग हे सुवर्णयुग होते. त्या लढाया बहुतांशी सामंतांच्या आपसातील लुटीच्या लढाया होत्या. दान दिलेल्या जमिनीचा महसूल अखेर कुणब्याच्या घामातूनच निघत होता. वारसाहक्काने मिळणाऱ्या इनामांनी जातिव्यवस्था आणि जमीनदारी घट्टच केली. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या काळच्या अडाणी, क्रूर सरंजामी सत्तेलाही एवढे कळत होते की नाव आणि निर्वाह या दोन गोष्टी एकत्र दिल्या पाहिजेत. दगडाच्या खालच्या पट्टीत मरण, वरच्या पट्टीत स्वर्ग, आणि लेखात मागे राहिलेल्यांची भाकर, असा त्या काळचा हिशेब होता. भाकरीशिवाय दिलेला स्वर्ग हा फसवणुकीचा असतो, हे गावालाही ठाऊक होते आणि राजालाही.

ब्रिटिश साम्राज्याने ही परंपरा आपल्या सोयीने वापरली. पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांतून सैनिक गेले तेथे संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या: इतके गेले, इतके परतले नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात मेले आणि गावाचे नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ पडले. दुष्काळी माणदेशातील, कोकणातील आणि घाटमाथ्यावरील कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले मेसोपोटेमियात आणि फ्लँडर्समध्ये ज्या साम्राज्यासाठी मेली, ते साम्राज्य त्यांच्याच घरांकडून सारा वसूल करीत होते. तरीही पलटणीतल्या नोकरीला एक अर्थ होता: पगार नियमित, आणि पुढे पेन्शन. पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमाभागात अनेक घरांचे छप्पर याच पेन्शनवर टिकले. मुलींची लग्ने, विहिरीची खोदाई, धाकट्या भावाचे शिक्षण, सर्व त्यातूनच होत असे.

चार वर्षांचा शिपाई

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘अग्निपथ’ योजना जाहीर केली आणि हा धागा तोडला. आता शिपाई पदावरील भरती चार वर्षांची. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के तरुण कायम होतील. उरलेले घरी परततील. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मिळेल तो ‘सेवानिधी’, सुमारे ११.७१ लाख रुपये. आणि त्यातील निम्मी मूळ रक्कम त्यांच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमवलेली. २०२२ च्या अखेरीस ज्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, त्या पहिल्या तुकडीच्या हिशेबाची वेळ २०२६ च्या अखेरीस येते. कारखान्यातील कंत्राटी कामगाराला जो न्याय, तोच न्याय आता सीमेवरील शिपायाला लावण्यात आला आहे. कायम काम, पण कायम कामगार नको, हे भांडवलाचे सूत्र सैन्याच्या दारात जाऊन पोहोचले आहे.

या योजनेचा खरा अर्थ मृत्यूच्या वेळी उघड होतो. नियमित सैनिक शत्रूशी लढताना मारला गेला तर त्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे त्याने घेतलेल्या अखेरच्या पगाराएवढी रक्कम. अग्निवीर त्याच खंदकात, त्याच गोळीने मेला तर त्याच्या घराला विम्याचे ४८ लाख, सानुग्रह अनुदानाचे ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी मिळतो. पण कुटुंब निवृत्तिवेतन नाही. एकरकमी आकडा ऐकायला मोठा वाटतो. परंतु वीस-बावीस वर्षांचा मुलगा गेल्यावर आईवडिलांपुढे किंवा तरुण पत्नीपुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरते. महागाई त्या रकमेला वर्षागणिक कुरतडते. निवृत्तिवेतन मात्र महागाई भत्त्यासह वाढत जाते. एकरकमी रक्कम देऊन राज्य मोकळे होते. पेन्शन देणारे राज्य बांधलेले राहते. नेमके हे बंधनच सरकारला नको आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेन हिमनदीवर कर्तव्यावर असताना एका अग्निवीराचा मृत्यू झाला. तो बुलढाणा जिल्ह्यातील होता. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ठाऊक झालेल्या विदर्भातील हा जिल्हा. तेथील मुलगा जगातील सर्वांत उंच रणभूमीवर गेला तो कुठल्या उन्मादाने नव्हे, तर शेतीत जगणे अशक्य झाले म्हणून, हे सांगण्यासाठी समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवरील गोळीबारात आणखी एक अग्निवीर मारला गेला. त्याचे मूळ गाव आंध्रात. पण त्याचे कुटुंब पोटासाठी मुंबईत, घाटकोपरच्या श्रमिक वस्तीत, राहत आले होते. अंत्यसंस्काराला मंत्री आले, तिरंगा आला, बंदुकांची सलामी झाली. त्यानंतर त्याच्या आईला नियमित सैनिकाच्या घराइतकेच लाभ मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मरणानंतर समता मागण्यासाठी आईला कोर्टाची पायरी चढावी लागते, यापेक्षा मोठा आरोप या योजनेवर दुसरा कोणता असू शकतो?

सरकारपक्षाचे म्हणणे असे की सैन्य तरुण झाले पाहिजे, तंत्रज्ञानावर खर्च वाढला पाहिजे, आणि पेन्शनचा बोजा संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाला खाऊन टाकत आहे. या युक्तिवादाची दखल घेतली पाहिजे, कारण तो अनेक प्रामाणिक माणसांनाही पटतो. पेन्शनचा खर्च मोठा आहे, हे खरेच. पण पैसा नाही, हे खरे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये याच सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. उद्योगपतींना सवलत देताना जी तिजोरी भरलेली असते, ती शिपायाच्या विधवेपुढे रिकामी कशी होते? सैन्य तरुण ठेवण्याचे इतर मार्ग आहेत. पूर्वी लवकर निवृत्त होणाऱ्या जवानाला पेन्शनचा आधार असे. म्हणूनच तो तरुण वयात निवृत्त होऊ शकत असे. आधार काढून घेऊन तारुण्य मात्र मागायचे, ही लष्करी सुधारणा नव्हे. त्यातून लढण्याचे कसब शिकवलेले हजारो बेरोजगार तरुण दरवर्षी समाजात सोडले जातील. त्यांच्याकडे खाजगी सुरक्षा कंपन्यांचे आणि जातीय सेनांचे लक्ष असणारच, हा धोका वेगळा.

ज्यांची नावे शिळेवर नाहीत

बेंगळुरू हे केवळ संगणकाचे शहर नाही. ते शस्त्रनिर्मितीचेही शहर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. १९६१ मध्ये प्रथम उडालेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान येथील कामगारांच्या हातून घडले, आणि १९७१ च्या युद्धात ते लढले. याच कामगारांनी १९८०-८१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, एचएमटी, आयटीआय आणि बीईएमएलच्या कामगारांसह वेतनसमानतेसाठी ७७ दिवसांचा संप केला. देशाच्या सार्वजनिक क्षेत्राच्या इतिहासातील तो एक मोठा लढा होता. त्यावेळी त्यांच्यावर ‘देशाच्या संरक्षणाला बाधा आणणारे’ असा शिक्का मारण्यात आला. विमान बनवले की देशभक्त, भाकर मागितली की देशद्रोही!

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणी कारखाने मोडून त्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्याआधी काही महिने, संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा अध्यादेश आणि नंतर कायदाही झाला. खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा येथील कामगारांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुध निर्माणीत भीषण स्फोट झाला आणि किमान आठ कामगार ठार झाले. सैन्याच्या हातात जी दारू जाते ती बनवताना ते मेले. कोणत्याही युद्धस्मारकाच्या शिळेवर त्यांची नावे कोरली जाणार नाहीत.

त्याचप्रमाणे मे २०२५ मध्ये पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला, त्यात घरात बसलेली माणसे आणि शाळकरी मुले मेली. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी निरपराध पर्यटकांची हत्या करणाऱ्या दहशतवाद्यांचा धिक्कार जितका आवश्यक, तितकीच या नागरिकांची आठवणही आवश्यक आहे. युद्धाची किंमत गणवेशातील आणि गणवेशाबाहेरील गरीब माणूस मिळून देतो. जे संग्रहालय यांपैकी एकाचेच नाव घेते, ते युद्धाचा अर्धाच इतिहास सांगते.

संग्रहालयात काय सांगायचे यावरून जगात इतरत्रही संघर्ष झाले आहेत. पोलंडमधील ग्दान्स्क शहरात २०१७ मध्ये दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय उघडले. जमिनीवर तिरका कललेला मनोरा आणि मुख्य प्रदर्शन जमिनीखाली, अशी त्याचीही रचना आहे. तेथील प्रदर्शनाचा भर सर्व देशांतील सामान्य नागरिकांच्या यातनांवर होता. तेथील उजव्या राष्ट्रवादी सरकारला ते रुचले नाही. पोलिश शौर्य पुरेसे दाखवलेले नाही, असा आक्षेप घेत संग्रहालय उघडल्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या संचालकांना दूर करण्यात आले. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारकाची गोष्ट निराळी. १९८२ साली उभारलेल्या त्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांच्या आसपास अमेरिकनांची नावे हुद्द्याचा विचार न करता मृत्यूच्या क्रमाने कोरली आहेत. रचना म्हणून ती श्रेष्ठ आहे. पण त्या युद्धात मेलेल्या लक्षावधी व्हिएतनामींपैकी एकाचेही नाव तेथे नाही, आणि ते युद्ध कोणी, कोणाच्या हितासाठी लादले याविषयी भिंत मूक आहे. यातून दिसते ते असे की सुंदर वास्तू सत्य सांगेलच, असे नाही. सत्य सांगण्याची सक्ती तिच्यावर जनतेलाच करावी लागते.

अशी मांडणी केली की सत्ताधारी पक्षाचे प्रचारक लगेच विचारतील: ‘तुम्ही सैन्याच्या विरोधात आहात काय?’ याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. सैनिक हा गणवेशातील शेतकरी आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात मराठी आणि कन्नड तरुण एकाच मैदानावर घाम गाळतात. सीमावादावरून बसगाड्यांना काळे फासणाऱ्यांना जे कळत नाही ते त्या मैदानाला कळते. राष्ट्रीय सैनिक स्मारकाच्या शिळांवर मराठी आणि कन्नड नावे एकमेकांशेजारी आहेत, आणि दगड त्यांना भाषा विचारत नाही. या माणसांचा खरा कैवार घेणे म्हणजे त्यांना पेन्शन, त्यांच्या मुलांना शाळा, त्यांच्या बापाला शेतमालाचा भाव आणि शेजारी देशांशी शक्य तितकी शांतता मिळवून देणे. त्यांच्या मरणावर निवडणुकीची भाषणे करणे, हा कैवार नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. अग्निपथ योजना रद्द करून नियमित भरती पूर्ववत सुरू करावी. ज्यांनी अग्निवीर म्हणून सेवा दिली त्यांना कायम करावे. आजवर सेवेत मृत्यू पावलेल्या प्रत्येक अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतकेच निवृत्तिवेतन मागील तारखेपासून द्यावे. आयुध कारखान्यांतील अपघाती मृत्यूंना कर्तव्यावरील मृत्यूचा दर्जा मिळावा. या मागण्यांसाठी किसान सभा, कामगार संघटना, युवक संघटना आणि माजी सैनिक यांनी एकत्र येणे अगत्याचे आहे. योजनेविरुद्ध २४ जून २०२२ रोजी संयुक्त किसान मोर्चाने देशव्यापी निदर्शनांची हाक दिली, तेव्हाच जवान आणि किसान यांचे नाते पुन्हा रस्त्यावर आले होते. ते गावागावांत, विशेषतः भरतीच्या पट्ट्यातील तालुक्यांत, टिकवण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.

स्मारकापासून फार दूर नाही असे एक दुसरे उद्यान बेंगळुरूत आहे: फ्रीडम पार्क. हेही याच वास्तुरचनाकारांच्या कल्पनेतून साकारले आहे. तेथे पूर्वी मध्यवर्ती तुरुंग होता. आणीबाणीत मधु दंडवते यांच्यासह विरोधी पक्षांचे नेते तेथे स्थानबद्ध होते. तुरुंगाच्या काही बराकी तशाच ठेवून तेथे उद्यान केले गेले, आणि अलीकडच्या वर्षांत शहरातील मोर्चे व धरणी त्याच एका आवारात कोंडण्यात आली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये हजारो आशा कार्यकर्त्या तेथेच मानधनवाढीसाठी थंडीत बसल्या होत्या.

सैनिक स्मारकाच्या शिळांवरील नावे वाचून बाहेर पडणाऱ्या नागरिकाने त्या दुसऱ्या उद्यानाची वाटही लक्षात ठेवावी. एका उद्यानात राज्य मेलेल्यांचा सन्मान करते, दुसऱ्या उद्यानात जिवंत माणसे आपला हक्क मागतात, आणि पहिल्याचा खरेपणा दुसऱ्यात ठरतो. हजार वर्षांपूर्वीच्या बेगूरच्या दगडाने मेलेल्याच्या नावासोबत मागे राहिलेल्यांच्या निर्वाहाची नोंद केली होती. पंचाहत्तर फुटांच्या नव्या वीरगळाखाली तेवढी एक ओळ लिहून घेणे, हे आजच्या संघटित जनतेचे काम आहे.